फोटोतला अंगठा

मला घाबरवणं सोपं नाही. आमच्या गल्लीत ते खातं माझ्याकडे आहे. शेजारच्या चष्मेवाल्याच्या गादीखाली शिट्टी ठेवणारा मी. बँकेतल्या साहेबांना त्यांच्या गाडीची म्हणून माझ्या सायकलची चावी देऊन पंधरा मिनिटं गाडीभोवती फेऱ्या मारायला लावणारा मी. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, खोड मात्र जागच्या जागी. पण त्या मंगळवारी भर दुपारी माझी अशी तंतरली, की ती भीती अजून उतरलेली नाही. आजही कुणी फोनमधला फोटो पुढे केला की मी आधी त्या माणसाच्या डोळ्यांत बघतो.

मी चावीवाला. दुकान एवढंसं, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती लागतात. भिंतींवर कोऱ्या चाव्या टांगलेल्या, मधे चावी कापायचं मशीन, पुढे फळीवर ठोकून बसवलेलं एक कुलूप. नवी चावी फिरते का बघायला.

मधे धंदा आटत चालला होता. म्हणून बायकोनं कंबर कसली. फोनवर धंदा कसा वाढवावा याचा महिन्याभराचा क्लास केला आणि आल्या आल्या माझी साहेबीण झाली.

"रोज एक रील टाकायची. तुमचं थोबाड, गिऱ्हाइकाचं हसू, आणि शेवटी माल. माल अगदी जवळून. आणि गिऱ्हाईक कुठल्या गल्लीतलं तेही लिहायचं. म्हणजे आजूबाजूच्यांना वाटतं, अरे, हा तर आपल्यातलाच."

"माझं थोबाड बघून आहेत तेही पळतील."

"थोबाडाला मी फिल्टर लावते. तुम्ही फक्त तुमचे माकडचाळे करा. इतकी वर्षं फुकट केलेत, आता धंद्यासाठी करा."

माकडचाळे म्हणजे रबराची चावी. दिसायला अस्सल, चकचकीत रंग दिलेली. गिऱ्हाइकाला ती द्यायची आणि म्हणायचं, "बघा बरं फिरते का." गिऱ्हाईक ती फळीवरच्या कुलपात खुपसणार, चावी मेलेल्या गांडुळासारखी वाकणार, गिऱ्हाइकाचा चेहरा पडणार. मग हशा. मग मी खरी चावी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून उन्हात फोनसमोर न्यायचो, आणि बायको इतकी जवळून घ्यायची की एकेक दात मोजावा. चार महिन्यांत त्रेसष्ट रील झाल्या. लोक रस्त्यात थांबवून विचारायला लागले, "रबरवाले काका ना?"

आणि त्या मंगळवारच्या आदल्या आठवड्यात मी कळस केला. बायकोनं आमच्या घराच्या चावीचा फोटो काढला, मी नुसत्या फोटोवरून चावी कापली आणि कॅमेऱ्यासमोर घराचं दार उघडून दाखवलं. "फोटो पाठवा, चावी घ्या!" दोन लाख लोकांनी बघितलं. दोन लाख! त्या दिवशी मी बायकोला म्हणालो, आता फक्त शहराच्या वेशीवर माझा पुतळा बसायचा राहिला.

आता तुम्हीच बघा. फोटोवरून चावी बनते हे ज्याला पक्कं ठाऊक, जो ते छाती ठोकून जगाला सांगतो, त्याच गाढवानं त्रेसष्ट घरांच्या चाव्यांचे फोटो पत्त्यासकट जगापुढे टांगून ठेवले होते. आणि माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे दिवाच अंधार होता.

मंगळवारी साडेअकराच्या सुमाराला एक माणूस आला. चाळिशीतला, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ.

"ती फोटोची रील तुमचीच ना? माझी चावी हरवली. फोटो आहे."

"घर तुमचंच ना साहेब?" मी आपलं सवयीनं विचारलं. "नाहीतर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या व्हायच्या."

"माझंच. बायको आणि मुलगी असते तिथे," तो म्हणाला.

बायको-मुलगीवाला माणूस म्हटल्यावर मी अजून काय विचारणार? त्यानं दुकानाच्या नंबरवर फोटो पाठवला. फक्त चावी, बाकी सगळं कापून टाकलेलं. मी खाचा मोजल्या, कोरी चावी काढली, मशीनवर चढवली. दहा मिनिटांचं काम. मग सवयीप्रमाणे आधी रबराची दिली.

त्रेसष्ट गिऱ्हाइकांनी त्या चावीवर काही ना काही केलं होतं. कुणी हसलं, कुणी चिडलं, एका आजीबाईंनी मला छत्रीनं मारलं. यानं नुसतं बघितलं. चावी वाकली, त्यानं ती बाहेर ओढली, काउंटरवर सरळ रेषेत ठेवली आणि म्हणाला, "खरी द्या."

माझं हसू तोंडातच सुकलं. मी खरी दिली. "एक रील करू का?" असं विचारलं तर म्हणाला, "मला नाही आवडत असलं." पैसे ठेवून निघून गेला.

तो गेल्यावर मी त्याचा फोटो उघडला. म्हटलं, माणूस नाही तर नाही, फोटो दाखवून रील करू. फोटो मोठा केला. चावीचे दात, चावीची मान, चावीचं डोकं. आणि डोक्याच्या कडेला, कापायचं राहून गेलेलं, एका अंगठ्याचं टोक.

नखाच्या मधोमध उभी चीर, चिरेच्या डाव्या बाजूला काळा डाग.

वीस वर्षांपूर्वी मशीनच्या चाकाखाली गेलेला माझाच अंगठा. तो मी काउंटरवर ठेवला, शेजारी फोन ठेवला. चीर तीच. डागही तोच. चावी कापताना मी फक्त खाचा बघितल्या होत्या. न्हावी माणसाचे केस बघतो, तसा चावीवाला दात बघतो. धरणारा हात कोण बघतो?

त्यानं मला माझ्याच रीलचा तुकडा आणून दिला होता. आणि मी त्याला कुणाच्या तरी घराची चावी करून दिली होती. हसत, विनोद करत.

"अगं ए!" मी हाक मारली. बायको मागे पेटीवर बसून कालच्या कमेंटना उत्तरं देत होती.

"आता काय? कॅमेरा लावू?"

"हा अंगठा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तुमचा. असलं ध्यान नख दुसऱ्या कुणाचं असणार?"

"हा फोटो त्या माणसानं आणला. आत्ता आलेल्या."

ती हसणार होती. ओठ तसे झालेही होते. मग तिनं माझ्या हातांकडे बघितलं. माझे हात कधी थरथरत नाहीत, माझं पोटच त्यांच्यावर आहे. तेव्हा फोन धरता येत नव्हता.

"कुणाची चावी?" ती हळूच म्हणाली.

तेच तर शोधायचं होतं. आम्ही पेज उघडलं आणि एकेक रील मागे सरकवत गेलो. प्रत्येक रीलच्या शेवटी माझा अंगठा आणि एक चावी. मी दात वाचत होतो. खोल, उथळ, उथळ. ही नाही. उथळ, खोल... ही नाही. आवाज बंद करायचं सुचलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक रीलमधून माझंच खिंकाळणं ऐकू येत होतं. मला माझ्या आवाजाची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

एकविसावी रील. दात जुळले. पाचच्या पाच.

रीलमध्ये चेहरा नव्हता. फक्त दोन हात, बोटावर सुईनं टोचल्याच्या खुणा, आणि मोकळं, गडगडाटी हसू.

शिवणवाली ताई.

महिन्याभरापूर्वी ती आली होती. कपडे शिवायचं काम करते, सात-आठ वर्षांची मुलगी आहे, नवीन खोली घेतली होती. कुलूप मीच जाऊन बसवलं. दोन चाव्या कुलपासोबत आल्या, तिसरी मुलीसाठी कापून हवी होती. कुलूप बसवताना तिनं दाराकडे बघत सांगितलं होतं, "दादा, मजबूत बसवा. जुन्या घराची चावी ज्याच्याकडे आहे, त्याला हे घर माहीत नाही. कळायलाही नको." मी काही विचारलं नाही. असं सांगणारी गिऱ्हाइकं असतात. त्यांचं कुलूप मी दोन स्क्रू जास्त लावून बसवतो, एवढंच.

तिसरी चावी घ्यायला दुकानात आली तेव्हा तिला रबराची दिली. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. बायकोनं विचारलं, "टाकू का ही रील?" ती म्हणाली, "टाका, पण माझा चेहरा नको." आम्ही चेहरा कापला. फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं होतं तेव्हा. चेहरा झाकला आणि घर उघडं टाकलं.

खाली बायकोनं लिहिलं होतं: लाँड्रीच्या वर राहायला आलेल्या आमच्या ताईंचं नवं घर, नवं कुलूप, निवांत झोप! आणि गल्लीचं नाव.

बायकोनं तोंडावर हात ठेवला. "हे मी लिहिलंय. लाँड्रीच्या वर. मीच."

"पोलिसांना फोन लाव," मी म्हणालो आणि ताईचा नंबर फिरवला.

तिनं लगेच उचलला. मागे पोरांचा कलकलाट.

"ताई, कुठे आहात?"

"शाळेच्या फाटकात. पोरीला घ्यायला. का हो दादा?"

"घरी जाऊ नका. तुमची चावी... म्हणजे तो... तो माझ्याकडून घेऊन गेला."

"कोण घेऊन गेला?"

मला नवरा हा शब्द तोंडातून निघेना. खरंच निघेना. "तो. कडक इस्त्रीच्या शर्टवाला. त्याच्याकडे फोटो होता, माझा अंगठा होता..."

ती हसायला लागली. तेच हसू. "दादा, अंगठा होता म्हणजे? आता रबराचा अंगठा काढलात का? नाही हं, या वेळी मी फसत नाही. मागच्या वेळी माझं हसणं सगळ्या जगाला ऐकवलंत."

"ताई, शप्पथ!"

"तुमच्या शपथा! ही आली बघा माझी चिमणी, ठेवते." फोन बंद.

परत लावला. वाजत राहिला. रेकॉर्डिंग पाठवलं तर ते ऐकलंच नाही. आयुष्यभर लोकांना फसवून मी एवढीच कमाई केली होती: खरं बोलताना मी जास्तच खोटा वाटतो.

शेजारी बायको पोलिसांशी बोलत होती. "हो, चावी बनवून दिली... आम्हीच... नाही, चोरी झालेली नाही अजून... अहो, अजून म्हणजे होईल म्हणून तर फोन केलाय! ... नाही, चावी बनवणं गुन्हा नाही हे मलाही कळतं!" तिचा आवाज फाटला. "तिथे एक लहान मुलगी आहे. तुम्ही या तर खरं!"

मी हत्यारांची पिशवी उचलली, तिच्यात एक नवं कुलूप टाकलं, भिंतीवरून त्या जातीच्या दोन कोऱ्या चाव्या ओढल्या आणि स्कूटर काढली. कोऱ्या चाव्या कशाला घेतल्या, विचाराल तर सांगता येणार नाही. हाताला सवय.

शाळेपासून तिचं घर चालत वीस मिनिटं. माझ्या दुकानापासून स्कूटरनं दहा. तो निघून पाऊण तास झाला होता. हा हिशेब मी प्रत्येक सिग्नलला नव्यानं करत होतो आणि प्रत्येक वेळी तो आणखी वाईट येत होता. एका चौकात ओळखीचा रिक्षावाला ओरडला, "रबरवाले! आज कुणाला बनवायला निघालात?" मी हात हलवला. स्कूटर पडता पडता वाचली.

लाँड्रीवाले काका इस्त्री फिरवत होते. मी गाडी लावलीच नाही, तशीच भिंतीला टेकवली.

"काका, वर कुणी गेलं का?"

"ताईंचे भाऊ आलेत ना. मघाशीच." त्यांनी कॉलर उलटवली. "मी म्हटलं, त्या घरी नाहीत. तर म्हणाले, माझ्याकडे चावी आहे. आता चावी आहे म्हटल्यावर घरचाच माणूस, मी कशाला अडवू?"

"ताईला भाऊ नाही."

काकांची इस्त्री तिथल्या तिथे थांबली. पुढच्या क्षणाला करपल्याचा वास आला.

"त्या आल्या तर वर सोडू नका," मी म्हणालो आणि जिना चढलो. दुसरा मजला. 

दार बंद. बाहेर काही नाही. ना चपला, ना ओरखडा. मी चौकटीला डोळा लावला. हे कुलूप आतून काय आणि बाहेरून काय, चावीशिवाय फिरत नाही. नुसतं दार ओढून ते लागत नाही. आणि फटीतून मला त्याची जाड पट्टी चौकटीत घुसलेली दिसली.

म्हणजे काकांचं लक्ष नसताना तो बाहेरून कुलूप लावून निघून गेला असावा.

तेवढ्यात आत नळ सुरू झाला. थोडा वेळ पाणी वाहिलं. बंद झाला. पेला ठेवल्याचा आवाज. मग खुर्ची कुरकुरली.

तो आत होता. आत जाऊन त्यानं दाराला पुन्हा कुलूप घातलं होतं. आतली कडी लावली नव्हती, कारण कडी लावली तर तिला दार उघडता आलं नसतं. दार उघडंही ठेवलं नव्हतं, कारण उघडं दिसलं तर ती आत आली नसती. तिनं सकाळी जसं लावलं होतं तसंच दार तिला दिसणार होतं. ती चावी फिरवणार, मुलीला आधी आत घेणार.

माझ्या पाठीवरून घामाची धार खाली गेली. एवढी स्पष्ट, की कुणी बोट फिरवावं.

पळावं असं वाटलं. खोटं कशाला बोलू? खाली जाऊन लाँड्रीवाल्यांच्या कपड्यांत लपावं असं वाटलं. आणि त्याच वेळी खालून आवाज आला. पोरीचा. ती पायऱ्या मोजत येत होती. "अकरा, बारा, तेरा..." मागून काकांचा, "अहो ताई, थांबा, थांबा!" आणि ताईचा, "काका, कपडे नंतर नेते, हिला भूक लागलीय!"

आतली खुर्ची पुन्हा कुरकुरली. त्यालाही ऐकू आलं होतं.

ओरडलो असतो तर तो किल्ली फिरवून बाहेर आला असता. जिना एवढा अरुंद. माझ्या हातात पिशवी, खाली त्या दोघी. आणि पोलिसांचा पत्ता नाही.

मग हातानं विचार केला, मी नाही. कोरी चावी काढली, कुलपात घातली, अंगठ्यानं शेवटपर्यंत दाबली. तिला दात नाहीत, ती फिरत नाही. पण या कुलपात बाहेरून चावी पूर्ण आत असली की आतली चावी पूर्ण बसत नाही. मग मी पकडीनं तिची मान धरली आणि पिरगाळली. एकदा. दोनदा.

कट्.

डोकं पकडीत राहिलं, बाकीची चावी कुलपाच्या पोटात.

तीस वर्षं मी दारं उघडतोय. बंद करायचं काम पहिल्यांदाच केलं.

आत एकदम शांतता. मग पावलं. दारापर्यंत आली. आतल्या बाजूला चावी लागली, अर्धी गेली, अडली. परत. अडली. मग तो थांबला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, म्हणजे त्यालाही माझा येत असणार.

"कोण आहे?" मऊ आवाज.

मी दाराला पाठ लावली, पकड छातीशी धरली.

"काका, तुम्हीच ना? तुमच्याशिवाय कोण असलं काम करणार?" तो थोडा हसला. रबराच्या चावीला न हसलेला माणूस आता हसला. "तिचं हसणं ऐकलं मी तुमच्या व्हिडिओत. लगेच ओळखलं. आमच्याकडे कधी अशी हसली नाही ती. उघडा दार."

"एकतीस, बत्तीस!" पोरगी वर पोचली. मागे ताई, हातात दप्तर. मला दाराला पाठ लावून, पकड छातीशी धरून उभं बघितलं आणि तिला हसूच फुटलं.

"अहो दादा! घरापर्यंत आलात? वहिनी कुठे लपल्यात कॅमेरा घेऊन?"

"आलीस का?" आतून आवाज आला.

माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त जातं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी बघितलं. तिच्या हातातलं दप्तर पडलं. पोरीनं काही विचारलं नाही. आईच्या मागे गेली, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि भिंतीला चिकटून बसली. सात वर्षांच्या पोरीला हे सगळं आधीपासून येत होतं.

"खाली," मी कुजबुजलो. "त्याला बाहेर येता येणार नाही. कुलूप मारून टाकलंय मी. खाली जा, काकांचं शटर आतून ओढून घ्या."

ती गेली. पोरीला उचलून, पाय न वाजवता, उतरत्या जिन्यावर जशी मांजर जाते तशी. आणि मग त्यानं दाराला पहिली लाथ मारली.

दार टिकेल का हे मला ठाऊक नव्हतं. कुलपाला मी दोन स्क्रू जास्त लावले होते, पण चौकट जुनी होती. प्रत्येक लाथेला चौकटीतून भुगा पडत होता. मी खांदा लावून उभा राहिलो. तो काय काय बोलत होता ते इथे सांगत नाही. माझे डोळे मिटलेले होते. चौदा लाथा मोजल्या, मग मोजणं सुटलं.

पोलीस आले तेव्हा मला दारापासून त्यांनीच बाजूला केलं. मग म्हणाले, "आता उघडा." तुटलेली चावी काढायला मला वीस मिनिटं लागली. माझ्या पेजवर लिहिलंय, कुठलंही कुलूप चाळीस सेकंदांत.

तो शर्ट नीट खोचून बाहेर आला. शांतपणे म्हणाला, "मी माझ्या माणसांना भेटायला आलो होतो." जाता जाता माझ्याकडे बघितलं. "चावी छान बसली, काका."

आत त्याचे बूट भिंतीशी जोडीनं काढून ठेवलेले होते. खुर्ची दाराकडे तोंड करून. खुर्चीशेजारी स्टूल, स्टुलावर पाण्याचा पेला आणि ताईची कापड कापायची मोठी कात्री. ती कात्री ताई पोरीच्या हाताला लागू नये म्हणून कपाटावर ठेवते. पोलिसानं ती रुमालात गुंडाळली.

ताई वर आली. पोरगी लाँड्रीत, मागोमाग रिक्षानं आलेल्या माझ्या बायकोजवळ. ताईनं खोली बघितली, खुर्ची बघितली, स्टूल बघितलं. मग मला विचारलं, "त्याला चावी कुणी दिली?"

जिन्यात अख्खी इमारत गोळा झाली होती. लाँड्रीवाले काका सगळ्यांना सांगत होते, यांनीच वाचवलं, दाराला खांदा लावून उभे होते. मला तेवढ्यावर भागवता आलं असतं.

"मी," मी म्हणालो. "फोटो त्यानं आमच्या पेजवरून उचलला. चावी मी कापून दिली."

तिनं स्टुलावरचा पेला उचलला आणि मोरीत पालथा केला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नवं कुलूप आणलंय मी," मी पिशवी पुढे केली. "आत्ता बसवतो."

"नको."

तिनं बाजारातल्या दुसऱ्या चावीवाल्याला बोलावलं. त्याला आम्ही हातोडा म्हणतो, कारण त्याला प्रत्येक कुलूप फोडूनच उघडता येतं. माझ्या रीलमध्ये मी त्याची चारदा टर उडवली होती. तो आला, मला बघून गोंधळला. ताई मला म्हणाली, "दादा, तुम्ही खालच्या मजल्यावर थांबा." मी उतरलो. वर हातोड्यानं कुलूप बसवलं. ठोकाठोकीवरूनच कळत होतं, चुकीच्या मापाचा स्क्रू घालतोय. तरी मी वर गेलो नाही.

बायको माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली. फोनवर एकेक रील काढून टाकत होती. डोळे पुसायची आणि बोट दाबायची.

"काढून काय उपयोग?" ती म्हणाली. "ज्यानं घ्यायच्या त्यानं आधीच घेतल्या असतील."

तेच माझ्याही डोक्यात होतं. हा एक समोर आला, बोलला, पैसे देऊन गेला. बाकीच्या बासष्ट चाव्या कुणी बघितल्या, कुणी मोठ्या करून बघितल्या, देव जाणे. सगळेच चावीवाले माझ्यासारखे गाढव नसतील, पण एक असला तरी पुरे.

मी यादीतला पहिला नंबर लावला. निवृत्त मास्तर, एकटेच राहतात, रबराच्या चावीला सगळ्यात जास्त हसले होते.

"मास्तर, तुमचं कुलूप बदलायला लागणार आहे. तुमच्या चावीचा फोटो आमच्या पेजवर होता, त्यावरून कुणीही चावी बनवू शकतं. आज एका घरात माणूस शिरला."

पलीकडे हसणं सुरू झालं. "वा रे वा! आता घाबरवायला निघालात का? कॅमेरा चालू आहे ना?"

"हसा मास्तर," मी म्हणालो. "हवं तेवढं हसा. पण आधी उठा, दारापाशी जा आणि आतली कडी लावा. मी फोन धरून ठेवतो."

त्यांचं हसणं हळूहळू थांबलं. माझा आवाज त्यांना काही तरी सांगून गेला असावा. खुर्ची सरकली, चपला फरफटत गेल्या. मी श्वास रोखून ऐकत होतो. कडी सरकल्याचा आवाज आला, तेव्हाच मी पुढचा नंबर लावला.